जावयाचा शर्ट आणि तांब्याची पाटी

माझ्या जावयाचे कपडे मी भर फाटकावर उतरवायला लावले, ही गोष्ट आमच्या भावकीत अजून सांगतात. सांगणारा आपल्या परीनं तिखटमीठ लावतो. कुणी म्हणतं सासूनं शर्ट टराटरा फाडला, कुणी म्हणतं पँटसुद्धा ओढली. एका लग्नात तर माझ्यासमोरच एक बाई दुसरीला ती गोष्ट सांगत होती आणि ती सासू म्हणजे मीच, हे तिला ठाऊक नव्हतं. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हटलं, आता आपणच एकदा नीट सांगून टाकावं. पँट ओढली नव्हती.

परभणी शहराच्या बाहेर सोयाबीन तेलाचा एक कारखाना आहे, तिथं मी फाटकावर बसते. सोयाबीन घाण्यात पिळून तेल काढतात असं लोकांना वाटतं. आमच्याकडं तसं नाही. सोयाबीनचे पापुद्रे करायचे आणि ते एका रसायनात धुवायचे. तेल रसायनात उतरतं, मग रसायन तापवून वाफ करून काढून घ्यायचं, तेल मागं राहतं. हे रसायन पेट्रोलच्या जातीचं, पण पेट्रोलपेक्षा कपटी. कुठं गळती झाली तर त्याची वाफ वर उडून जात नाही. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाऊन नालीत, खड्ड्यात दबा धरून बसते. मग एक ठिणगी मिळाली की झालं. आत लोखंडी हातोडा चालत नाही, पितळी लागतो. चपलेला खिळा चालत नाही. टँकर उभा केला की आधी त्याला तारेचा चिमटा लावून ती तार जमिनीत गाडलेल्या पट्टीला जोडायची, मगच नळी लावायची.

कारखान्याला दोन फाटकं आहेत. बाहेरच्या फाटकावर ट्रक अडवायला वॉचमन असतो, त्याच्या मिशा मोठ्या आहेत आणि त्याला सगळे सलाम करतात. आतलं फाटक माझं. माझ्यापाशी एक पत्र्याचा डबा. काडीपेटी, बिडी, लायटर, मोबाइल, जे काय असेल ते त्यात टाकायचं आणि मगच पुढं जायचं. मला सगळे मावशी म्हणतात, पण पाठीमागं काडीपेटीवाली म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणेनात का. माणसानं लायटर कुठं कुठं लपवावा याला काही सुमार नाही. एकानं मोज्यात घातला होता, एकानं टोपीच्या घडीत. एकदा पेंड घ्यायला आलेला लठ्ठ व्यापारी मोबाइल देईना. मला म्हणाला, मी कोण आहे माहीत आहे का. मी म्हणलं, माहीत नाही, पण आत ठिणगी पडली तर तुम्ही कोण होता हे ओळखायलासुद्धा काही शिल्लक राहणार नाही. मुकाट्यानं दिला.

फाटकाच्या खांबाला तांब्याची एक पाटी ठोकलेली आहे, ताटाएवढी. तिची तार खाली जमिनीत गेलेली. आत जाणाऱ्यानं तिला उघडा तळवा लावायचा, म्हणजे अंगात साठलेली वीज मातीत उतरते. हो, अंगात वीज साठते. मलाही आधी पटलं नव्हतं. हवा कोरडी असली की स्वेटर काढताना केस ताठ होतात, चटचट आवाज येतो, तीच ही वीज. पॉलिस्टर, टेरिकॉट, नायलॉन असे कपडे घासले की ती जास्त. घरी तिचं कौतुक वाटतं, पोरंसोरं हसतात. आमच्या आतल्या फाटकापलीकडं तेवढी ठिणगी पुरते. त्यामुळं आत जाणाऱ्याच्या अंगावर सुती कपडा पाहिजे, हा नियम. मी स्वतः सुती लुगडं नाहीतर सुती साडी नेसते. नातेवाईक मात्र मला दर लग्नात झुळझुळीत साड्याच नेसवतात. माझी पेटी त्यांनी भरली आहे.

ती पाटी मी रोज चिंचेनं घासते. कामगार तिला हात लावतात आणि सवयीनं तोच हात कपाळाला नेतात. दसऱ्याला कुणीतरी तिच्यावर हळदी-कुंकवाचा थर दिला, तेव्हा मी लय कटकट केली. देवीची माफी मागितली आणि थर धुऊन काढला. पाटीला हात लागला पाहिजे, कुंकवाला लागून काय उपयोग.

या कामात एक गंमत आहे. काम चांगलं झालं तर काही होत नाही. शेतकऱ्याला पीक दिसतं, गवंड्याला भिंत दिसते. मी दिवसभर तोंड वाजवते आणि संध्याकाळी काय झालं म्हणाल तर काही झालं नाही. एकदा नालीत वास आला म्हणून भोंगा वाजला आणि सगळ्यांना समोरच्या तुरीच्या रानात नेऊन उभं केलं. तासभर सगळे कारखान्याकडं तोंड करून उभे होते. मग वास गेला, झडप बदलली, आम्ही परत कामाला लागलो. काही झालं नाही, पण त्या दिवसापासून मी कुणाची भीड धरायचं सोडलं.

आता जावयाचं सांगते. आमच्या एकुलत्या एक पोरीचं लग्न त्या वर्षीच्या हिवाळ्याच्या सरतीला झालं. पेडगावच्या पुढं एक खेडं आहे, तिथं दिली. जावई आयटीआय झालेला, हातानं कामसू, तोंडानं गरीब. घरात जावई आणि त्याचे वडील, दोघंच. इहीण, म्हणजे जावयाची आई, बऱ्याच वर्षांमागं गेली. जावयाचे वडील, आमचे इवाई, फार मानी माणूस. गावात त्यांच्या शब्दाला वजन. पंगतीत त्यांना वाढायला उशीर झाला तर ते काही बोलत नाहीत, नुसते ताटाकडं बघतात, आणि वाढपी पातेलं घेऊन धावत येतो.

लग्नानंतर लगेच उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. या महिन्यात जावयाला घरी बोलावून धोंडे जेवू घालायचे, अनारसे द्यायचे, नवे कपडे करायचे, हे आमच्याकडं चुकवता येत नाही. मी स्वतः बाजारात जाऊन ड्रेस घेतला. मोतिया रंगाचा शर्ट, त्याला अंगची चमक, आणि तशीच सळसळीत पँट. दुकानदार म्हणाला, मावशी, याला जन्मात इस्त्री लागणार नाही. घरी घालायला, लग्नकार्यात मिरवायला झकास होता. मी काय कारखान्यात घालायला घेतला नव्हता.

पण योग असा जुळून आला, की कारखान्यात फिटरची एक जागा निघाली. मी साहेबांना जावयाचं सांगितलं होतं. साहेब म्हणाले, सोमवारी घेऊन या, आत फिरवून काम दाखवतो, पसंत पडला तर लावून घेऊ. रविवारी धोंडे झाले. इवाई, जावई, पोरगी, सगळे आमच्याकडंच मुक्कामाला. इवायांनी पुरणाचे धोंडे मोजून नव्हे, मन लावून खाल्ले, दोनदा तूप मागून घेतलं. मला वाटलं, माझ्यासारखी सुखी बाई जिल्ह्यात नसेल.

सोमवारी मी पहाटेच्या पाळीला निघताना पोरीला बजावलं, सुती शर्ट घालायला सांग. तिनं सांगितलंही. पण जावयाचा सुती शर्ट विटलेला होता आणि इवायांचं म्हणणं पडलं, नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबापुढं विटका शर्ट कशाला, सासरचा नवा आहेर अंगावर असताना? शकुनाचा ड्रेस, शकुनाचं काम. आमचे कारभारी ऑटो चालवतात, तेच दोघांना कारखान्यावर घेऊन आले. ते वाटेत काही बोलले नाहीत. ते कुठंच काही बोलत नाहीत.

मी फाटकावरून बघितलं तर माझा मोतिया शर्ट उन्हात लखलखत चालत येत होता. न्याहारीची सुट्टी संपलेली, सगळे कामगार फाटकाशी जमलेले. मी जावयाला बाजूला घेऊन हळूच म्हणलं, "जावईबापू, हे कपडे आत चालत न्हाईत. केबिनीत धुतलेला सुती सदरा-लेंगा ठिवलाय. तेवढा बदलून घ्या."

जावई गुणाचा. त्यानं लगेच वरचं बटण काढलं. मागून इवायांचा आवाज आला, "बटन लाव." त्यानं लावलं. मी इवायांना समजावायला लागले, की पाहुण्यांसाठीच ते कपडे ठेवलेत, सगळे घालतात, लाज कसली. जावयाला वाटलं आता मिटलं, त्यानं पुन्हा बटण काढलं. इवायांनी नुसतं त्याच्याकडं बघितलं. पुन्हा लावलं. मागं कामगारांत खसखस पिकली आणि तिथंच घोटाळा झाला. मानी माणसाला भांडण सोसतं, हसू सोसत नाही.

"काल आहेर म्हणून अंगावर घातला," इवाई म्हणाले, "अन आज चारचौघात काढून घ्यायलाव. आमच्या सात पिढ्यांत असं कुणी केलं न्हाई."

दिलेला आहेर परत घ्यायचा म्हणजे काय असतं, हे मला सांगायला नको. पोरीला परत घेण्यासारखंच ते. पण माझा स्वभाव वाईट. अंगाला घाम, मागं खदखदणारी पोरं, आणि समोर तो पॉलिस्टरचा शर्ट वाऱ्यानं पँटीला घासतोय. माझ्या तोंडून निघून गेलं, "इवाई, घरी तुमी मला काय बी म्हणा, मी खाली मान घालून ऐकते. हितं फाटकावर मी कुणाची इहीण न्हाई."

इवायांनी टोपी सारखी केली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मंग तुमची पोरगी तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या." आणि पोराला घेऊन वळले. आता परत जायचं तर कशानं? आमच्याच ऑटोनं. कारभाऱ्यांनी त्यांना बसस्टँडवर नेऊन सोडलं, वाटेत काही न बोलता.

मी पाळी पुरी केली. एकाचा लायटर पकडला, आणि त्याच्यावर इतकी खेकसले की बिचाऱ्यानं खिशातलं चॉकलेटही डब्यात टाकलं. साहेब आले, म्हणाले, मावशी, तुम्ही बरोबर केलं. मी म्हणलं, बरोबर केलं ते मला माहीत आहे साहेब, पण पोरगी तुमची नाही. साहेब म्हणाले, जागा आठवडाभर धरून ठेवतो. माणूस चांगला आहे.

घरी आले तर पोरगी भाजी निवडत बसलेली. रडली असेल तर माझ्या येण्याच्या आधी. मीच रडायला लागले. तिनं पाणी दिलं, आणि पाणी देता देता एकदम म्हणाली, आई, शर्टाचं निमित्त झालं, त्यांच्या मनात आधीपासूनच होतं. मी विचारलं, काय होतं? ती सांगेना. मी पेला खाली ठेवला, तेव्हा सांगितलं. ती त्या घरात गेल्यापासून, तिच्या हातून पाण्याचा पेला घेतला की इवायांना चटका बसायचा. रोज नाही, पण बऱ्याचदा. बोटाला सुई टोचल्यागत. तिलाही बसायचा, पण नवी सून, बोलणार कुणाला? आधी इवाई नुसते हात झटकायचे. मग एकदा शेजारणीजवळ म्हणाले, की हिच्या हातात काहीतरी आहे. मग त्यांनी तिच्या हातून पाणी घ्यायचंच सोडलं. स्वतः उठून माठातून घ्यायचे. गावात ते बोलणं फिरलं, आणि बायका तिच्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागल्या.

सुनेच्या हातचं पाणी न घेणं म्हणजे तिला घरातलीच न मानणं. पण त्या घडीला मी काय केलं म्हणाल तर रडणं थांबवलं आणि तिची उलटतपासणी घेतली. मामंजी बसतात कशावर? खुर्चीवर. कसली खुर्ची? प्लास्टिकची, आपण रुखवतात दिलेली, निळी. आधी कशावर बसायचे? ओट्यावर. खुर्ची आल्यापासून त्यांना ती लय आवडली, दिवसभर तिच्यावरच असतात. अंगात काय असतं? टेरिकॉटचा शर्ट. पायात? रबरी स्लीपर. तुझ्या पायात? काही नाही, फरशीवर अनवाणी. पेला कशाचा? स्टीलचा.

मला हसू फुटलं. मी इतकी हसले की कारभारी दारातून आत डोकावले, आणि पोरगी चिडून म्हणाली, माझा संसार मोडायलाय आणि तुला हसू यायलंय. मी तिचे दोन्ही हात धरून म्हणलं, बाई, तुझ्या हातात काही नाही गं. जे आहे ते तुझ्या सासऱ्याच्या बुडाखाली आहे, आणि तेही मीच दिलेलं आहे.

सुट्टीच्या दिवशी मी पोरीला घेऊन एसटीनं निघाले. पिशवीत सुती कापडाचा नवा ड्रेस, पांढरा शर्ट आणि खाकी पँट. गावात उतरलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. इवाई ओसरीवर निळ्या खुर्चीत बसलेले. या म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. जावई आतून आला, अंगावर तोच मोतिया शर्ट. पोरीला बघून त्याचा चेहरा असा उजळला, की मला त्याची दया आली. बापापुढं बोलायची त्याची छाती नाही, हे काय मला आजच कळत होतं का. शेजारच्या दोन-तीन बायका शेळी शोधायच्या निमित्तानं इवायांच्या दारात आल्या. त्या गावात त्या दिवशी लय शेळ्या हरवल्या होत्या.

मी ओसरीच्या कडेला बसले. म्हणलं, इवाई, मी भांडायला आले नाही. तुमच्या सुनेच्या हातात काहीतरी आहे म्हणतात, ते बघायला आले. इवाई चपापले. मी जावयाला म्हणलं, पेला भरून आणा, तुमी स्वतः आणा. त्यानं आणला. इवायांनी बसल्या जागेवरून हात लांबवून घेतला. काही झालं नाही.

शेजारणी एकमेकींकडं बघायला लागल्या. पोरीनं मान खाली घातली. सुनेच्या हातून बसतो आणि लेकाच्या हातून बसत नाही, असाच त्याचा अर्थ झाला असता, आणि तो अर्थ घेऊन माझ्या पोरीला जन्मभर त्या गावात राहावं लागलं असतं, नाहीतर राहताच आलं नसतं. ज्या चटक्याला मी इतकी वर्षं फाटकावर शिव्या घातल्या, त्याचीच मी त्या दिवशी मनातल्या मनात विनवणी करत होते. बाबा रे, एकदा ये. लेकीसाठी ये.

मग ध्यानात आलं. माणूस बसून असला तर काही होत नाही, खुर्चीवरून घसटत उठला की वीज अंगात येते, म्हणूनच पोरीच्या हातूनही रोज बसत नव्हता. आता या माणसाला उठवायचं कसं? पाहुणा आला म्हणून उठत नाही, साहेब आला म्हणून उठायचा नाही. मी पिशवीतून नवा ड्रेस काढला, वर इवायांसाठी टोपी ठेवली, कुंकवाचा करंडा काढला आणि म्हणलं, "मी आहेर परत घेतला म्हणलाव ना? दुप्पट आणलाय. पण इवाई, आहेर उभ्यानं घ्यावा लागतो."

रीत म्हणजे रीत. ते खुर्चीच्या पाठीला घासत, हातावर भार देत उठले. मी जावयाला खुणावलं, आधी पाणी द्या. जावयानं पेला पुढं केला, इवायांनी बोट लावलं, आणि चट्ट असा आवाज ओसरीभर ऐकू आला. इवायांनी एक चांगली जुनी शिवी हासडली, पेला फरशीवर, पाणी माझ्या पदरावर. मला तर त्या पाण्यानं न्हायल्यासारखं वाटलं.

शेजारीण म्हणाली, अगंबया, पोराच्या हातातबी हाय की. मी म्हणलं, कुणाच्याच हातात नाही. इवायांना पुन्हा बसवलं, पुन्हा उठवलं, आणि या वेळेस म्हणलं, पेल्याला हात लावायच्या आधी खाली फरशीला तळवा लावा. त्यांनी माझ्याकडं संशयानं बघितलं. पण वाकले, तळवा लावला, पेला घेतला. काही झालं नाही. मग बिना तळवा. चट्ट. मग तळवा लावून. काही नाही. मानी माणूस असला तरी डोकं शाबूत होतं. त्यांनी आपल्या हातानं खुर्ची उलटी करून खालून-वरून बघितली.

"एवढ्याशा चटक्यानं कारखाना उडतो म्हणता?" त्यांनी विचारलं. आवाजात आता राग नव्हता.

मी सगळं सांगितलं, वाफेचं, नालीचं, तुरीच्या रानात उभं राहिल्याचं. शेवटी म्हणलं, "इवाई, हितं तुमच्या बोटाला बसला. तिथं तुमच्या पोराला सगळ्या अंगाला बसला असता, अन माझ्या पोरीच्या कपाळाला. मंग मी कुणाची इहीण ऱ्हायले असते?"

शेजारणींनी पदर तोंडाला लावले. शेळ्यासुद्धा ओरडल्या नाहीत, कारण त्या नव्हत्याच. इवायांनी पोराकडं बघितलं, त्याच्या अंगातल्या लखलखीत शर्टाकडं बघितलं, आणि म्हणाले, "बटन काढ."

जावयानं या वेळेला मात्र बटणं अशी भराभर काढली की एक तुटून माझ्या पायाशी आलं. ते मी जपून ठेवलं आहे.

जावई पांढरा शर्ट घालून कामावर लागला. रोज पेडगावच्या वाटेनं मोटारसायकलवर येतो, माझ्यापुढं खिसे उलटे करून दाखवतो, पाटीला तळवा लावतो आणि आत जातो. मी त्याचीही झडती घेते, आणि इतरांपेक्षा थोडी जास्तच घेते, नाहीतर लोक म्हणतील जावई म्हणून सोडला. मोतिया शर्ट आता इवाई घालतात, वाया कशाला घालवायचा म्हणून. एकदा तो घालून फाटकापर्यंत आले. मी काही म्हणायच्या आत बिडीचं बंडल आणि काडीपेटी माझ्या डब्यात टाकली, पाटीला हात लावला, आत न जाता तसेच परत गेले. नुसती पाटी बघायला आले होते. मी त्यांना चहा पाजला.

आणि घरी? निळी खुर्ची त्यांनी सोडली नाही. मी सांगितलं होतं, ओट्यावर बसा, प्रश्नच मिटेल. म्हणाले, रुखवताची आहे, तिचा मान ठेवला पाहिजे. तेव्हा ते तिच्यावरच बसतात, आणि सून पाणी घेऊन आली की उठतात, वाकतात, तिच्या पायापाशी फरशीला तळवा लावतात, आणि मग दोन्ही हातांनी पेला घेतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, सासरा सुनेच्या पाया पडतोय. गावात आधी हसले, मग सवय झाली. ज्या बायका माझ्या पोरीच्या हाताला नावं ठेवत होत्या, त्या आता आपापल्या सासऱ्यांना तिच्या सासऱ्याचं उदाहरण देतात.

पावसाळ्यात हवा ओली असते. तेव्हा असा चटका बसत नाही, वाकायचं काही कारण नसतं. आमच्या फाटकावर नियम बाराही महिने असतो, ते वेगळं. पण घरच्या ओसरीवर श्रावणात, भादव्यात, पाऊस धो धो पडत असतानाही इवाई उठतात, वाकतात, सुनेपुढं फरशीला हात लावतात. पावसाळ्याचं मी त्यांना सांगितलेलं नाही. पोरीला सांगितलं आहे. तीही सांगत नाही.